तुमच्या आईला कधी असं काही झालं होतं का?

कुणाला धीर द्यावा म्हणून लिहायला बसले खरी, पण धीर देणं मला जमत नाही हे आधीच सांगून टाकते. माझं तोंड फटकळ. एसटीत कंडक्टर आहे, नाशिक-सुरगाणा गाडीवर निम्मं आयुष्य गेलं. तिथे गोड बोलून भागत नाही. "पुढे सरका की, मागची जागा काय जावयासाठी राखून ठेवलीय?" असं ओरडलं की माणसं हसतात आणि सरकतात. मला तेवढंच जमतं.

शिवाय आजारी माणसाला उपदेश करणारे जागोजागी बसलेले असतात. गव्हांकुराचा रस घ्या, लक्ष्मणफळ खा, अमक्या बाबांचा अंगारा लावा. माझे कान किटले. म्हणून मी उपदेश करत नाही. फक्त एका प्रश्नाबद्दल सांगते. तो तुम्हालाही विचारतील. मी त्याचं उत्तर चुकवलं, तुम्ही चुकवू नका.

पट्टा

कंडक्टरची पैशांची कातडी बॅग असते. तिचा पट्टा खांद्यावरून तिरपा छातीवर येतो. एकदा वणीच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली, बॅग छातीवर बसली आणि पट्ट्याखाली काहीतरी कडक लागलं. रात्री अंघोळीला गेले तेव्हा हात लावून पाहिला. डाव्या बाजूला, बोराएवढं. दुखत अजिबात नव्हतं. दुखलं असतं तर दुसऱ्या दिवशीच डॉक्टरकडे गेले असते.

मी म्हटलं, इतकी वर्षं पट्टा घासतोय, कातडी घट्ट झाली असेल. ड्रायव्हर लोकांच्या तळहाताला नाही का घट्टे पडत? बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि विषय संपवला. वाटेत किती तरी सण आले आणि गेले. मग एक दिवस आरशात बघताना तिथली कातडी आत ओढल्यासारखी दिसली, तेव्हा मात्र दवाखान्यात जायचं ठरवलं.

सांगायला घरात कुणी नव्हतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, मी नाशिक केलं. द्वारकेच्या चौकामागे दोन खोल्या आहेत. चोवीस तास हॉर्न वाजतात, त्यामुळे एकटं आहोत असं कधी वाटत नाही. म्हणजे, मी तसं सगळ्यांना सांगते.

सोबत कोण?

दवाखान्याच्या खिडकीवरच्या मुलीनं वर न बघताच विचारलं, "सोबत कोण आहे?"

"मीच आहे."

"तसं नाही मॅडम, नातेवाईक कोण?"

"अगं बाई, रोज गाडीभर माणसं सोबत घेऊन हिंडते मी. आज सुट्टी आहे, एकटीला बसू दे की."

ती हसली नाही. हा प्रश्न मग प्रत्येक दारात विचारला. सोनोग्राफीला, सुई टोचून तुकडा काढला तिथे, रक्त काढलं तिथे. सोबत कोण? नंतर नंतर मी त्याला नुसती मान हलवायला लागले.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर मॅडमनी मला समोर न बसवता बाजूच्या खुर्चीत बसवलं. वयानं माझ्यापेक्षा लहान, आवाज हळू. "गाठ साधी नाहीये," त्या म्हणाल्या. कॅन्सर हा शब्द त्यांच्या तोंडून येईना, म्हणून मीच म्हटला. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणतात अशा वेळी मला माहीत नव्हतं. डोक्यात एकच विचार, उद्याची ड्युटी कुणाला सांगायची.

मग त्यांनी प्रश्न सुरू केले. तंबाखू? नाही. मिश्री? लहानपणी लावायचे, सोडली. पाळी कधी आली, कधी गेली, वजन, साखर, बीपी. मी तिकिटं फाडावीत तशी उत्तरं देत होते.

"मुलं किती?"

"नाहीत."

"म्हणजे अंगावर पाजणंही नाही."

"त्याचा इथे काय संबंध?" माझा आवाज चढला.

"थोडा असतो," त्या म्हणाल्या. "ज्यांना मूल झालं नाही त्यांना धोका जरासा जास्त असतो. यात तुमचा दोष नाही हं. धोका कुठकुठून येऊ शकतो, पुढे आजार कसा वागेल, याचा अंदाज आम्हाला लागतो. उपचार त्यावरून ठरवतो."

दोष नाही म्हणे! ज्या कारणानं सासर सुटलं तेच कारण इथे येऊन बसलं होतं, माझ्या आधी. मला इतका राग आला की एक वाक्य पार ओठांवर आलं. माझ्या आईनंही कुणाला पाजलं नाही, आणि ती ऐंशी उलटून अजून डोक्यावर गवताचा भारा आणते, तिला कुठे काय झालं? पण का कोण जाणे, ते मी गिळलं.

"आणि आईला? तुमच्या आईला कधी असं काही झालं होतं का? आजीला, मावशीला?"

"छे छे. आई ठणठणीत आहे माझी."

"वा, हे चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जरा मोकळं हसल्या. लहान ऑपरेशन करून फक्त गाठ काढू, नंतर रेडिएशनचा शेक देऊ, एवढ्यावर भागेल असं म्हणाल्या.

घरी येताना द्वारकेला रस्ता ओलांडायला उभी होते. सिग्नल काही सुटेना. आणि तिथे त्या गर्दीत मी गिळलेलं वाक्य मलाच पुन्हा ऐकू आलं. माझ्या आईनं कुणाला पाजलं नाही. मग मला कुणी पाजलं?

रस्ता मोकळा झाला तरी मी तिथेच उभी राहिले.

थोरलीच्या ओटीत

आमचं गाव दिंडोरीकडचं. वडील थोरले, काका धाकटे, एकच घर, मधे एक भिंत. आईला, म्हणजे थोरलीला, मूल नव्हतं. काकीला पहिली मुलगी झाली, मंदा. मग दुसरी झाली ती मी. बाराव्या दिवशी, पाळण्यात घालायच्या आधी, काकीनं मला खणानारळासकट आईच्या ओटीत घातलं. आमच्याकडे असं होतं. कागद नाही, कोर्ट नाही. चार बायकांसमोर ओटी भरली की पोर तिची. त्याचे दोनच नियम. देणारीनं परत मागायचं नाही, आणि पुढे कुणी तो विषय काढायचा नाही.

सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मनात तसं असणं वेगळं. माझ्यासाठी आई ती आई. काकी ही काकी. भिंतीपलीकडे राहणारी, माझ्याशी जरा जास्तच तुटक वागणारी बाई. आता कळतं ती तशी का वागायची.

काकी गेली तेव्हा मी शाळेत होते, काकी चाळिशीचीही नव्हती. छातीला गाठ होती. कसला कसला पाला वाटून बांधायची, त्या वासानं आम्ही पोरं तिच्या खोलीत जायचो नाही. तिची आई पण तशीच गेली होती असं बायका कुजबुजायच्या. प्रेताजवळ मंदा रडत होती, लेक म्हणून. मी दुसऱ्या बाजूला आईच्या मांडीला चिकटून, पुतणी म्हणून. कुणी म्हातारी म्हणाली, "हिलाबी जवळ घ्या रं, हिचीबी..." आईनं तिच्याकडे असं पाहिलं की म्हातारीनं वाक्य अर्धंच सोडलं.

तर डॉक्टरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं. आईला झालं होतं. आजीलाही झालं होतं.

ते उत्तर मला द्यायचं नव्हतं. कारण ते द्यायचं तर काकीला आई म्हणावं लागणार, मग घरी बसलेली ती कोण? एका बाईनं सगळं आयुष्य ज्या एका शब्दावर काढलं तो शब्द मी दवाखान्यात जाऊन दुसरीला देऊन यायचा? मी स्वतःची समजूत घातली. गाठ तर काढणारच आहेत. कुणामुळे आली याच्याशी काय करायचंय? किती दिवस हेच घोकत होते. जिवाची भीती होती, झोप नव्हती, आणि हे बोलायला अख्ख्या नाशिकात एक माणूस नव्हतं.

आई बोलली

आईला मी "बारीकसं ऑपरेशन आहे" एवढंच कळवलं होतं. ती गावाकडच्या पहिल्या गाडीनं आली. पिशवीत नागलीचं पीठ, तुपाचा डबा आणि स्वतःची वाकळ. "दवाखान्यातलं पांघरूण नको मला," म्हणाली.

ऑपरेशनच्या आधी मॅडमनी दोघींना बोलावलं. आज सोबत कोण म्हणून विचारलं तेव्हा मी छाती काढून सांगितलं, "आई." मॅडमनी आईला खुर्ची दिली, पुन्हा एकदा सगळे कागद चाळले.

"परत एकदा विचारते हं, पद्धत असते आमची. घरात कुणाला नाही ना? ह्या तुमच्या आई. तुम्हाला आजी, छातीत कधी गाठ वगैरे?"

"तिला काही नाही," मी घाईनं म्हटलं. "मी सांगितलंय तुम्हाला मागेच."

"आजींना सांगू द्या ना."

आईला कमी ऐकू येतं, पण तिनं ऐकलं होतं. तिनं मला विचारलं, "हे कशापाई इचारतात?"

मॅडमनीच समजावलं. काही घराण्यांत हा आजार आईकडून लेकीला येतो. तसं असेल तर आजार वेगळा वागतो, दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतो, मग ऑपरेशन वेगळं करावं लागतं. नसेल तर लहान ऑपरेशन पुरतं.

आई खाली बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, "चल आई, झालं."

"थांब शके," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "डॉक्टरीणबाय, ही माझ्या पोटची नाय."

मॅडमनी पेन उचललं.

"माझ्या धाकल्या जावंची हाय. ती याच दुखण्यानं मेली. तिची आईबी मेली. माझं पोट कधी उघडलंच नाय. माझं काय लिवून घेऊ नका, ते हिच्या कामाचं नाय."

एवढं बोलून ती उठली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. मी तिच्या मागे जायला हवं होतं. मी खुर्चीतच बसून राहिले. मॅडमनी कागदावरचं आधीचं उत्तर खोडलं. मग म्हणाल्या, "ऑपरेशन पुढे ढकलते आहे. आधी एक रक्ताची तपासणी करू."

चुलती

रक्त बाहेरगावी पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला आणि ते आलं तेव्हा मॅडमचा अंदाज खरा निघाला. दोष घराण्यातला होता. दोन्ही बाजू काढायच्या ठरल्या, पुढे अंडाशयही, आणि मधे केमो. नुसती गाठ काढून घरी पाठवलं असतं तर दुसऱ्या बाजूला कधी काय उगवलं असतं देव जाणे, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे आईच्या त्या चार वाक्यांनी माझा जीव वाचायची सोय झाली. हे मला तेव्हाही कळत होतं.

पण अॅडमिट झाले त्या दिवशी सिस्टरनं विचारलं, "सोबत कोण? आजी, तुम्ही पेशंटच्या कोण?"

"चुलती," आई म्हणाली.

मी स्ट्रेचरवर होते. छातीत सुरी घालायची होती ती दुसऱ्या दिवशी, पण माझं ऑपरेशन तिथेच झालं.

मग तिनं तोच पाठ धरला. वॉर्डमधल्या मावशींना, चहावाल्याला, शेजारच्या खाटेच्या नातेवाइकांना, जो विचारील त्याला. चुलती हाय मी. मी "आई, पाणी दे" म्हटलं की ती दचकून इकडेतिकडे बघायची आणि म्हणायची, "हळू बोल." पाणी द्यायची, तोंड पुसायची, वाकळ घालून खाटेखाली झोपायची. सगळं आई करायची आणि नाव मात्र घ्यायची नाही.

मला वाटलं, दुखावली. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं माझ्यामुळे चव्हाट्यावर आलं, आता तिनं मला परत करून टाकलं. जिला द्यायचं ती तर कधीच जळून गेली. मग मी आता कुणाची? विचारायला हवं होतं, हो. पण आमच्या घरात हा विषय काढायचा नाही हे मी बोलायला लागायच्या आधी शिकले होते. टाके दुखतायत असं सांगून रडून घ्यायचे.

लाल सलाईन

केमोबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडक्यात सांगते. लाल रंगाचं औषध असतं, ते चढताना बर्फाचे तुकडे चघळा, तोंड कमी येतं. केस जायच्या आधीच कापून टाका, उशीवर झुबके बघवत नाहीत. तोंडाची चव जाते, मला फक्त नागलीची आंबील गेली. रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणून परत पाठवलं तर रडू नका, सगळ्यांना पाठवतात.

एकटेपणाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मी दिवसाला शेकड्यानं माणसं बघणारी बाई. केमोच्या हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीजवळ नवरा, लेक, सून, कुणी मोबाइलवर, कुणी पाय चेपतंय. माझ्याजवळ एक म्हातारी, जी विचारल्यावर माझी कुणी नसल्यासारखं सांगते. खिडकीतून रस्त्यावरची लाल गाडी दिसली की मी बोर्ड वाचायचा प्रयत्न करायचे. आपली सुरगाणा आहे का? माझ्या जागी कोण असेल? ड्रायव्हरही आता मला विसरला असेल.

एकदा समोरच्या खुर्चीतल्या बाईनं मला ओळखलं. सुरगाण्याकडची, भातशेतीवाली. "बाई, तू सुरगाण्याच्या गाडीवर हाय ना? मला कोंबड्यांसंग खाली उतरवलं होतं तू."

"कोंबड्यांना तिकीट लागतं, तुम्ही काढलं नव्हतं."

"मंग आमी समदी जीपनं गेलो," ती म्हणाली आणि खो खो हसली. मीही हसले. सलाईनची नळी हलली म्हणून सिस्टर दोघींवर ओरडली. पुढच्या वेळी ती आली नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मी सिस्टरला विचारलं नाही. कामासाठी कुठे गेली असेल कुटुंबासोबत, असं मनाला सांगितलं.

कॅम्पातली बहीण

मॅडमनी बजावलं होतं, सख्खी बहीण असेल तर तिची तपासणी झालीच पाहिजे. मंदाताई देवळाली कॅम्पात असते. बाजारात तिच्या नवऱ्याचं फौजी कपडे शिवायचं दुकान. तिला दोन मुली. लग्नकार्यात भेटायचो, चुलत बहिणी म्हणून.

डोक्याला रुमाल बांधून मी बसनं गेले. ती काउंटरवर बटणं निवडत होती. मी सगळं सांगितलं, शेवटी म्हटलं, "काकीचं... म्हणजे आपल्या..." पुढचा शब्द निघेना.

मंदाताई बटणं निवडतच राहिली. मग म्हणाली, "मी तुझी सख्खी बहीण आहे हे तोंडानं सांगायला तुला कॅन्सर व्हावा लागला होय गं?"

"ताई, तपासणी करून घे. मुलींसाठी तरी."

"आई रोज भिंतीला कान लावून बसायची. तू पलीकडे हसलीस की मला म्हणायची, ऐक." तिनं बटणांचा डबा धाडकन बंद केला. "मी काय करायचं होतं ऐकून?"

ती माझ्यावर चिडली, रडली, आणि मग चहा टाकला. तपासणी केली. तिच्यात दोष निघाला नाही, त्यामुळे मुलींचाही प्रश्न मिटला. तिचा फोन आला तेव्हा मी देवाला हात जोडले, अगदी मनापासून. फोन ठेवल्यावर खोलीत बसून राहिले. काकीकडून आलेली एकच वस्तू माझ्याकडे होती, आणि त्यातही माझ्यासोबत कुणी नव्हतं. असले विचार येतात. येऊ द्यावेत, जातात.

मॅडमना एक प्रश्न

अंडाशयाचं ऑपरेशनही पार पडलं. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. गोळ्या तेवढ्या चालू आहेत. मग एक दिवस मॅडमनी सगळे रिपोर्ट बघितले आणि म्हणाल्या, "उपचार संपले. आता फक्त तपासणीला येत जा. हलकी ड्युटी मिळाली तर कामावरही जा."

मला उड्या मारायच्या होत्या. आई शेजारी बसली होती, तिला नीट ऐकू आलं नसावं म्हणून मी कानाशी जाऊन सांगितलं, "झालं सगळं. संपलं."

"समदं? आता औषध बदलायचं नाय?" तिनं मॅडमना विचारलं.

"नाही आजी. ठरलेलं सगळं झालं."

"ऑपरेशनबी नाय?"

"नाही."

आई खुर्चीत जरा पुढे सरकली. "मंग डॉक्टरीणबाय, एक इचारू का? आता म्या हिची आई हाय म्हणले, तर काय घोळ व्हईल का?"

मॅडमना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही कळेना.

"पहिल्यांदा हिनं माझं नाव सांगितलं, तर तुमी बारकं ऑपरेशन करणार व्हता," आई म्हणाली. "चुकीचंच झालं असतं. धाकलीचं सांगितलं तवा बरुबर औषध लागू पडलं. म्हणून म्या तवापासून हितं कुणाला आई म्हणून सांगितलंच नाय. एखाद्या शिष्टरनं ऐकलं, तिनं परत माझं लिवलं, अन् मधीच औषध बदललं म्हंजे? पोर हातची गेली असती." तिनं माझ्याकडे बोट केलं. "हिला लय हळू बोल म्हणायचे, पर ही कंडक्टर. आई आई करून वॉर्ड डोक्यावर घ्यायची."

मॅडमनी चष्मा काढला. त्या काही बोलायच्या आत मीच ओरडले, "अगं येडे, मग मला का नाही सांगितलंस? मी किती... मला वाटलं तू मला..."

"तुला कसं सांगू? तुला सांगितलं तर तू म्हणली असती, काय व्हत नाय, म्हण आई." ती शांतपणे म्हणाली. "मला ते ऐकून मोह झाला असता."

मी तिथेच रडले. दवाखान्यात एवढ्या मोठ्यानं मी कधीच रडले नव्हते, भूल उतरताना सुद्धा नाही. आई पदरानं माझं नाक पुसत होती आणि मॅडमकडे बघत वाट पाहत होती. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नव्हतं.

"काही घोळ होणार नाही आजी," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाही झाला नसता. खुशाल म्हणा."

"नक्की?"

"नक्की."

बाहेर कॉरिडॉरमध्ये वॉर्डची जुनी सिस्टर भेटली. माझे सुजलेले डोळे बघून घाबरली. "काय झालं हो? रिपोर्ट काय आला? तुम्ही पेशंटच्या चुलती ना?"

"नाय," आई म्हणाली. "चुलती नाय. आई हाय मी हिची."

आणि मग, सिस्टरला ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाली.